समोरच्यासाठी विझवलेला दिवा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी पिपलानीच्या काकांचं नाव घेतो. काका म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात ते स्टाफ बस चालवायचे आणि पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत त्यांच्या वडिलांचं घर होतं, एवढाच संबंध. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्या नावासकट लिहायला माझा हात धजत नाही.

माझे वडील संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. बारावीनंतर भोपाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला, पण पहिल्या वर्षाला होस्टेल मिळालं नाही. वडिलांना अख्ख्या भोपाळात एकच माणूस माहीत होता. त्यांनी पत्र टाकलं आणि उत्तराची वाट न बघता मला गाडीत बसवून दिलं. काका खाकी गणवेशातच स्टेशनवर आले होते. माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलली. होस्टेल मिळेपर्यंत राहा म्हणाले, आणि मी चार वर्षं राहिलो. पिपलानीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरचा व्हरांडा त्यांनी जाळी आणि ताडपत्री लावून बंद करून दिला. त्यात एक खाट आणि कारखान्याच्या भंगारातून आणलेलं लोखंडी टेबल. काकू पहाटे उठून काकांचा डबा करायच्या, त्यासोबत माझाही होऊ लागला. त्यांचा मुलगा तेव्हा चौथीत होता. तो मला भैया म्हणायचा आणि माझ्या ड्रॉइंगच्या पेन्सिली पळवायचा.

दुसऱ्या सेमिस्टरला मी गणितात नापास झालो. गावच्या शाळेत गणितात पहिला येणारा मुलगा नापास कसा होतो, हे मलाच कळेना. दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका ड्युटीवरून आले आणि त्यांनी आपल्या जुन्या व्हॅनची किल्ली माझ्यापुढे धरली. मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"गणित पुढच्या वेळी निघेल," ते म्हणाले. "आज गिअर टाकायला शीक. एक तरी गोष्ट जमली असं वाटू दे स्वतःला."

ते अंधार पडल्यावरच शिकवायचे. दिवसा काय, कोणीही चालवतो, असं त्यांचं म्हणणं. टाउनशिपचे रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, खांबांवर पिवळे दिवे. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्या वेळी बसचे ड्रायव्हर हेडलाइट बंद करून, नुसत्या छोट्या दिव्यांवर फाटकाशी उभे राहत. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. जुन्या ड्रायव्हरांनी नव्यांना लावलेली ती रीत होती.

काकांनी तीच रीत मोठ्या रस्त्यावर नेली होती. समोरून गाडी आली की आधी आपण लाइट खाली करायचा, तो करतो का ते बघत बसायचं नाही. त्याच्या दिव्याकडे बघायचं नाही, आपल्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरायची. त्याने खाली केला नाही तर दोनदा डिपर द्यायचा, म्हणजे लाइट वर-खाली करून खूण करायची. तरीही नाही केला, तर आपला दिवा पापणी लवेपर्यंत पूर्ण विझवायचा आणि लगेच लावायचा. शिवी द्यायची नाही, उलट फुल लाइट मारायचा नाही. आपण विझवला की समोरच्याला लाज वाटते, असं काका सांगत.

मला ते पटलं नव्हतं. मग एकदा रायसेन रोडवर ते चालवत होते आणि मी बाजूला बसलो होतो. समोरून ट्रक आला, डोळ्यांवर भट्टी उघडल्यासारखा. काकांनी दोनदा डिपर दिला. काही नाही. मग त्यांनी बटण फिरवलं आणि एका क्षणापुरते आम्ही अंधारात गेलो. मी सीट घट्ट धरली. दिवा परत लागला तेव्हा ट्रकचा लाइट खाली आलेला होता. जवळून जाताना ट्रकवाल्याने हॉर्नचा एक छोटा ठोका दिला आणि काकांनी स्टिअरिंगवरून तीन बोटं उचलली. दोन अनोळखी माणसं एकमेकांशी इतकं सभ्य वागू शकतात, हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. आमच्या मंडीत असं कोणी वागत नसे.

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. काका आणखी एक गोष्ट करायचे. काकू एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून घरी काजळ पाडायच्या. झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, की काका त्या काजळात अंगठा बुडवून दोन्ही हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला एकेक जाड बोट ओढायचे. पूर्वी बसच्या दिव्यांच्या काचांवर ते काळा ऑइलपेंट लावत, म्हणजे वरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जात नसे. त्याचीच ही आठवण. मी एकदा विचारलं, दृष्ट लागू नये म्हणून का? ते म्हणाले, "आपल्या गाडीची दृष्ट दुसऱ्याला लागू नये म्हणून."

पुढे मी पास झालो. सरकारी खात्यात लागलो. पहिली तीन वर्षं जबलपूरला होतो, तेव्हा दर महिन्याला काकांना पत्र लिहायचो. फोनवर त्यांना बोलता येत नाही. "हां, हां" करतात आणि रिसीव्हर काकूंकडे देतात. पत्रं मात्र ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत, आणि मी गेलो की डबा उघडून दाखवत. नंतर भोपाळला बदली झाली, लग्न झालं, शाहपुऱ्यात घर घेतलं, गाडी घेतली. काका रिटायर होऊन इंद्रपुरीत स्वतःच्या छोट्या घरात गेले. मुलाने तिथेच गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकलं. सीटकव्हर, मॅट, स्पीकर. आणि मी दर दसऱ्याला गाडी घेऊन काकांकडे जायचो. माझ्या गाडीच्या दिव्यांची काच आता काच नाही, प्लास्टिक आहे. त्यावरचं काजळ दोन दिवसांत पुसलं जातं, आणि नव्या दिव्यांच्या रचनेत त्याचा काही उपयोगही नाही. इंजिनिअर म्हणून मला हे माहीत होतं. पण काकांचा अंगठा काचेवरून फिरायचा तेव्हा मला पदवी मिळाल्याच्या दिवशी वाटलं होतं तसं वाटायचं.

त्या दिवशी काजळ लावून झालं की मी त्यांना वर्षभरातल्या गोष्टी सांगायचो. कुठल्या रस्त्यावर मी दिवा विझवला आणि समोरच्याने कसा लगेच खाली केला. काका त्या गोष्टी लहान मुलासारख्या ऐकायचे, पुन्हा सांगायला लावायचे. इथे एक कबूल करतो. शेवटच्या काही वर्षांत त्यातल्या निम्म्या गोष्टी मी वाढवून सांगत होतो.

कारण रस्ता बदलला होता. पूर्वीचा लाइट पिवळा असायचा, डोळ्यात गेला तरी तो विझल्यावर रस्ता परत दिसायचा. आता जो पांढरा-निळा लाइट आला आहे, तो गेल्यावरही डोळ्यांसमोर हिरवा ठिपका नाचत राहतो आणि त्या ठिपक्यामागे माणूस आहे की गाय, ते कळत नाही. गाड्या उंच झाल्या, त्यामुळे मागच्या गाडीचा उजेड सरळ आरशात येतो. मोटरसायकलवाल्यांनी खाली दोन जादा दिवे लावले. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत कोलार रोडवरून घरी येणं म्हणजे एकामागून एक चाललेल्या फोटोच्या फ्लॅशमधून वाट काढणं. मी डोळ्यांचा दोष समजून ते तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, हल्ली असे बरेच जण येतात. सिग्नलवर विकायला येणारा पिवळा चष्माही घेऊन पाहिला. ऑफिसात हा रोजचा विषय होता. आमचे एक सहकारी, फार शांत माणूस, त्यांनीही शेवटी तसलेच दिवे बसवून घेतले. म्हणाले, "भाईसाब, सगळे दगड मारतायत, मी फुलं किती दिवस टाकू?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी स्वतःला काकांच्या शाळेतला समजत होतो, आणि मनातल्या मनात त्या सहकाऱ्यापेक्षा वरचाही.

गेल्या जानेवारीच्या शेवटी एका रविवारी बायकोला घेऊन भोजपूरच्या देवळात गेलो होतो. परतायला जरा उशीर झाला आणि ग्यारह मील नावाच्या फाट्याच्या अलीकडे अंधार पडला. तो रस्ता तेव्हा मध्ये दुभाजक नसलेला, दोन गाड्या जेमतेम जातील एवढा. समोरून एक उंच गाडी आली. चार दिवे पेटलेले, वर टपावर एक पट्टी, तीही पेटलेली. मी लाइट खाली केला. डाव्या कडेची रेघ शोधली, पण रस्त्याच्या कडेचं काम चालू होतं आणि रेघ मातीखाली गेली होती. दोनदा डिपर दिला. मग पंचवीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप गेला आणि मी दिवा विझवला.

त्या गाडीने लाइट खाली केला नाही. माझा दिवा परत लागला तेव्हा समोर गिट्टीचा ढीग होता. डावं चाक त्यावर चढलं, गाडी कलली आणि कडेच्या चरात जाऊन बसली. मला काही लागलं नाही. बायकोने तोल सावरायला उजवा हात डॅशबोर्डवर टेकला होता. तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. समोरची गाडी थांबली नाही. आतल्यांना बहुधा कळलंही नसेल.

बायको शाळेत शिकवते. फळ्यावरचं तिचं अक्षर बघून मुलं वहीत तसं काढायचा प्रयत्न करतात. हॉस्पिटलात प्लास्टर ओलं असताना तिने मला विचारलं, "तुम्ही दिवा बंद का केलात?" मी तिला काकांची रीत सांगितली. तिला ती ऐकून माहीत होती, पण मी खरोखर तसं करतो, तेही ती बाजूला बसलेली असताना, हे तिने धरलं नव्हतं. ती मग म्हणाली, "म्हणजे त्या माणसाला लाज वाटावी म्हणून?" आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर दिवस मावळल्यावर ती माझ्या गाडीत बसलेली नाही. कुठे जायचं असलं तर ऑटो बोलावते. भांडण नाही, बोलणं नाही, फक्त ऑटो.

दुसऱ्या दिवशी काका-काकू भेटायला आले. काकूंनी तिच्या केसांची वेणी घालून दिली. काकांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, दोन डिपर, मग विझवणं. मला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील, त्या गाडीवाल्याला चार शब्द बोलतील. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले आणि नुसतं "बरं" म्हणाले. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटतं आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

गाडीचा डावा हेडलाइट फुटला होता. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी तो बदलून घ्यायचं बोलायला काकांच्या मुलाच्या दुकानात गेलो. एरवी मी घरी जायचो, दुकानात फारसं जाणं होत नसे. बाहेर अंधार पडत आला होता. दुकानासमोर एक उंच जीप उभी होती आणि तिच्यापुढे पाटावर काका बसले होते, हातात स्क्रूड्रायव्हर. समोरच्या भिंतीवर खडूची एक आडवी रेघ होती. ती रेघ मी ओळखली. पिपलानीच्या क्वार्टरच्या भिंतीवर त्यांनी तशीच ओढून मला शिकवलं होतं, की उजेडाचा माथा या रेघेच्या वर जाता कामा नये. काका स्क्रू फिरवत होते आणि उजेड रेघेच्या वर चढत होता.

"थोडा और उठाओ, अंकल," जीपवाला म्हणाला.

काकांनी आणखी उचलला.

मुलाने मला पाहिलं. "अरे भैया, या ना. भाभींचा हात कसा आहे?" असं म्हणत तो पुढे आला. माझं लक्ष बाजूला उभ्या असलेल्या काकांच्या गाडीकडे गेलं. ती छोटी पांढरी गाडी मी दर दसऱ्याला घरी बघायचो, पण नेहमी कव्हर घातलेली. ऊन लागतं, काका म्हणायचे, हिची पूजा सकाळीच उरकली. आता कव्हर नव्हतं. हेडलाइटच्या आत बल्बच्या तारेऐवजी त्या नव्या दिव्याच्या बारीक चौकोनी टिकल्या होत्या. विझलेल्या असताना त्या पिवळ्याच दिसतात.

जीपवाला गेला. मी काकांना विचारलं, "हे तुमच्या गाडीत कधी बसवलं?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला, नीट, टोकापर्यंत. "झाली तीन वर्षं."

म्हणजे तीन दसरे. तीन दसरे त्यांनी माझ्या दिव्यांना काजळ लावलं आणि आपली गाडी कव्हरखाली ठेवली.

मुलगा मध्ये पडला. म्हणाला, "भैया, पप्पा तो मानतच नव्हते. मीच जबरदस्ती केली. रात को सामने से लाइट आली की यांना काहीच दिसत नाही." काकांनी त्याला चहा सांगायला पाठवलं. तो गेल्यावर ते पाटावरून उठले नाहीत, माझ्याकडे न बघता बोलले. तीन वर्षांपूर्वी सीहोरच्या रस्त्याने ते एकटे येत होते. समोरच्याने लाइट खाली केला नाही. त्यांनी दोनदा डिपर दिला आणि मग विझवला. परत लावला तेव्हा पुढे एक सायकलवाला होता, मागे दुधाची कॅन बांधलेला. हातभर अंतर राहिलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. काकूंनाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, बसव तुझे ते दिवे.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी फडक्याची घडी घातली. मी पुन्हा विचारलं.

"तू करत होतास ना," ते म्हणाले. "दसऱ्याला येऊन सांगायचास, काका, अमक्याने माझं बघून लाइट खाली केला. मला बरं वाटायचं. म्हटलं, एक तरी जण आहे."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिचा हात मोडला, काका."

मी हे ओरडून बोललो नाही. त्यांनी मान हलवली आणि "हो" म्हणाले. एवढंच. सबब सांगितली असती तर मला भांडता आलं असतं.

मुलगा चहा घेऊन आला. मी उभ्याउभ्या घेतला. हेडलाइटसाठी दुसऱ्या दिवशी गाडी आणा म्हणाला, मी बरं म्हटलं आणि तो दुसरीकडून बदलून घेतला. निघताना दुकानाच्या कोपऱ्यात एक खोकं दिसलं, जुन्या पिवळ्या हॅलोजन बल्बांनी भरलेलं. लोक नवे दिवे बसवतात आणि जुने तिथेच टाकून जातात, चालू असलेले. मी त्यातले दोन उचलले. काय करणार, असं मुलाने विचारलं. मलाही माहीत नव्हतं. काकांनी आपलं फडकं पुढे केलं. या बल्बच्या काचेला उघडा हात लावायचा नसतो, बोटांचा तेलकटपणा लागला की तापल्यावर काच तडकते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी फडकं घेतलं, बल्ब त्यात गुंडाळले आणि घरी येऊन कपाटात ठेवले.

त्यानंतर मी काकांकडे गेलो नाही. पाडव्याला काकूंचा फोन आला, मी ऑफिसचं काम सांगितलं. गणपतीत आला, तेव्हा बायकोची तब्येत पुढे केली. दोन्ही वेळा मागून काकांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मला राग नेमका कशाचा होता, हे मी या महिन्यांत पुष्कळ शोधलं. त्यांनी दिवे बसवले, त्याचा नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस रात्री दिसावं म्हणून जे करील ते त्यांनी केलं. त्यांना कळलं होतं, की ही रीत आता माणूस मारते. ते स्वतः तिच्यातून बाहेर पडले, आणि मला आत ठेवून, बाहेरून बघत बसले. व्हरांड्यात खाट टाकून देणारा माणूस असं करतो, हे मला सहन होत नव्हतं. एखाद्या परक्याने केलं असतं तर मी एका आठवड्यात विसरलो असतो.

सप्टेंबरात दसरा जवळ आला. बावीस-तेवीस वर्षांत एकही दसरा मी चुकवला नव्हता, जबलपूरहूनही यायचो. जायचं की नाही, हे मला ठरवता येईना. न जाणं सोपं होतं, आणि एकदा गेलो नाही की पुन्हा कधीच जाणार नाही, हे मला कळत होतं. शेवटी एका रविवारी सकाळी, बायको वहीत उजव्या हाताने अक्षराचा सराव करत बसली होती, तेव्हा मी तिच्यासमोर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि हे पत्र लिहिलं. तिने ते वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर पाकिटावर पत्ता तिनेच लिहिला. मी ते पोस्टात टाकलं.

तीर्थरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

पुष्कळ दिवसांनी पत्र लिहीत आहे. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे. प्लास्टर मे महिन्यातच निघालं. मनगट पूर्ण वळत नाही, फळ्याच्या वरच्या भागात लिहिताना दुखतं, म्हणून ती खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहिते. मुलांना सवय झाली आहे.

मी आलो नाही, फोनवरही खोटं बोललो. ऑफिसचं काम नव्हतं आणि तिची तब्येतही बरी होती. मी रागावलो होतो. राग अजून आहे. तुम्ही मला जेवायला घातलंत, माझ्यासाठी कॉलेजात पालक म्हणून उभे राहिलात, मी नापास झालो तेव्हा हातात किल्ली दिलीत. हे सगळं आठवलं की राग कमी होईल असं वाटायचं, पण उलटच होतं. सीहोरच्या रस्त्यावरचा तो सायकलवाला तुम्ही मला सांगायला हवा होता. त्याच रात्री सांगायला हवा होता. मी तुमचा विद्यार्थी होतो, काका.

एक गोष्ट माझ्याकडूनही. दसऱ्याला सांगायचो त्यातल्या पुष्कळ गोष्टी खोट्या होत्या. शेवटच्या तीन वर्षांत माझं बघून फक्त दोघांनी लाइट खाली केला. बाकीचे तुम्हाला आवडतात म्हणून मी जोडले. मी खरं सांगितलं असतं तर कदाचित तुम्हीही सांगितलं असतं. याचा मी खूप विचार केला आहे.

मी अजूनही समोरून गाडी आली की आधी लाइट खाली करतो. ते सोडणार नाही. दिवा मात्र आता विझवत नाही, आणि माझ्याकडून कोणी शिकलं तर त्याला पहिल्याच दिवशी सांगीन की विझवायचा नाही, आणि का नाही तेही.

दसऱ्याला मी येईन. गाडी आणणार नाही, बसने येईन. माझ्या दिव्यांना या वर्षी काजळ लावू नका, मला ते लावून घेता येणार नाही. तुमच्या गाडीवरचं कव्हर त्या दिवशी काढून ठेवा. कव्हर असलं तर मी काकूंना सोनं देऊन, त्यांच्या पाया पडून परत जाईन आणि तुम्हाला काही विचारणार नाही. कव्हर नसलं तर आपण दोघं मिळून तुमचे ते दिवे काढू. रात्री तुम्हाला दिसत नाही, हे मी विसरलेलो नाही. काकूंना कुठे जायचं असेल तर मला बोलवा, मी चालवीन. भिंतीवरची रेघ मात्र तुम्ही ओढा, तुमच्याइतकी सरळ मला जमत नाही.

दुकानातून नेलेले दोन पिवळे बल्ब माझ्याकडे आहेत. तुमच्याच फडक्यात गुंडाळून घेऊन येतो. काचेला हात लावलेला नाही.

आपला,
व्हरांड्यातला